फाट्यावरची चिंधी

१

डोंगरातल्या त्या निवाऱ्यात सगळ्यांत शेवटी पाऊल टाकायचा मान भिंगरीच्या बाबांचा. आधी माणसं आत यायची, मग त्यांच्या पाठपिशव्या, मग त्यांच्या तक्रारी, आणि सगळ्यांच्या मागून बाबा, दार लावून घेत. म्हणून त्या दिवशी फोटोवाला आत आला, कॅमेरा तान्ह्या बाळासारखा छातीशी धरून शेगडीकडे धावला आणि दार उघडंच राहिलं, तेव्हा भिंगरी दाराकडे बघत बसली. दारातून धुकं आत आलं. बाबा आले नाहीत.

"लाव गं ते दार," मामा म्हणाला. "ऊब चाललीय सगळी बाहेर."

"बाबा यायचेत अजून."

"माझ्या मागेच आहेत," फोटोवाला हात शेकत म्हणाला. "आलेच बघ."

भिंगरीने दार लावलं नाही. शाळेला सुट्टी लागली की ती मामाच्या या निवाऱ्यात यायची. बाबा आणि दादा खालून माणसांना डोंगर चढवून आणायचे आणि मामा इथे त्यांना निजायला जागा आणि गरम चहा द्यायचा. घरचाच धंदा. इतक्या सुट्ट्यांत तिने बाबांना उशिरा आलेलं पाहिलं होतं, चिखलात लोळून आलेलं पाहिलं होतं, एकदा तर पाय मुरगळलेल्या एका जाड्या गृहस्थाला पाठुंगळी घेऊन आलेलं पाहिलं होतं. पण आलेच नाहीत, असं कधी झालं नव्हतं.

चहा झाला. दुसरा चहा झाला. मग मामा उठला, त्याने दोर खांद्यावर टाकला आणि दादाला म्हणाला, "चल."

दोघं परत आले तेव्हा त्यांचे घसे बसले होते. हाका मारून मारून. मामा तडक वायरलेसपाशी गेला आणि त्याने खालच्या बचावपथकाला हाक दिली.

"पलीकडच्या कड्याखाली शोधा," मामा म्हणाला. "माझा मेहुणा तिथे पडलाय."

२

"पडलाय कशावरून?" भिंगरी ओरडली. "तू पाहिलंस?"

"चिंध्या," मामा म्हणाला, आणि खाली बसला.

चिंध्यांचं असं होतं. डोंगरातली वाट जागोजागी फुटते, आणि धुक्यात सगळे फाटे सारखेच दिसतात. म्हणून पुढे चालणारा दादा प्रत्येक फाट्यावर योग्य वाटेच्या तोंडाशी, झाडाला नाहीतर झुडपाला लाल चिंधी बांधायचा. मागचे ती बघून वळायचे. आणि जो शेवटचा असेल त्याने ती सोडून बरोबर घ्यायची. डोंगरात आपलं काही मागे ठेवायचं नाही, हा बाबांचा नियम. सकाळी निघताना ते तो सगळ्यांकडून म्हणून घ्यायचे, बालवाडीतल्या गाण्यासारखा.

"आम्ही मोठ्या फाट्यापर्यंत जाऊन आलो," मामा म्हणाला. "एकही चिंधी शिल्लक नाही. अगदी आपल्या अंगणाजवळच्या वळणावरचीसुद्धा. म्हणजे तुझा बाबा सगळ्या चिंध्या काढत इथवर आला. मग धुक्यात त्याला निवारा दिसला नसणार. सरळ पुढे गेला. आणि पुढे काय आहे, ते तुला सांगायला नको."

पुढे कडा होता.

वायरलेस खरखरला. पथकाच्या प्रमुखाचा आवाज आला, "दोन बाजूंनी चढायला माणसं नाहीत माझ्याकडे. उजेड चाललाय. कड्याखाली जायचं तर आम्हाला डोंगराला पूर्ण वळसा घालावा लागेल, आणि मग आज दुसरीकडे कुठेही जाता येणार नाही. नक्की ना?"

"निघा तुम्ही, नक्की ते सांगतो," मामा म्हणाला. त्याने दादाकडे पाहिलं, आणि त्याचा आवाज एकदम बदलला.

"चिंध्या बांधल्या होत्यास ना रे? सगळीकडे?"

दादाचा चेहरा पांढराफटक पडला. "मामा, काय विचारतोयस तू?"

"सकाळी तुमचं बापलेकांचं भांडण झालं, ते खालच्या माणसाने मला वायरलेसवर सांगितलंय. रागाच्या भरात बांधल्याच नसशील, तर माझा सगळा हिशोबच चुकला."

दादाने आपले दोन्ही हात पुढे केले. बोटांची टोकं लाल झाली होती. ओलसर हवेत त्या चिंध्यांचा रंग जायचा, आणि बांधणाऱ्याचे आणि सोडणाऱ्याचे हात रंगपेटीत बुचकळल्यासारखे दिसायचे. "हे बघ. अजून काय पुरावा देऊ?"

"एक बांधली तरी बोटं रंगतात," कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं.

तो हॉटेलवाला होता.

३

भांडण त्याच्यावरूनच झालं होतं. हॉटेलवाल्याला या डोंगरावर मोठं हॉटेल बांधायचं होतं, मोठाल्या काचांचं, खिडकीतून डोंगर बघायचं. बाबा म्हणायचे, ज्याला डोंगर बघायचाय त्याने पाय झिजवावेत. आणि दादाने सकाळीच जाहीर केलं होतं, की तो या सीझननंतर हॉटेलवाल्याकडे नोकरीला लागणार. बाबा एवढंच म्हणाले होते, "बरं. मग आज नीट चाल."

भिंगरी हॉटेलवाल्यासमोर जाऊन उभी राहिली. तिची उंची त्याच्या खांद्यापर्यंत येत होती, पण ते तिला त्या क्षणी आठवत नव्हतं.

"तुम्ही कुठे होतात?"

"अगं बाई! पोलीस आले." तो हसला, पण एकट्यानेच. "तुझ्या भावाच्या शेजारी. सुरुवातीपासून इथवर."

"दादा, खरं?"

"गोचिडीसारखा चिकटला होता," दादा म्हणाला. "पगार सांगून सांगून कान किटवले माझे. एक पाऊलसुद्धा मागे राहिला नाही. राहिला असता तर बरं झालं असतं."

"ऐकलंस?" हॉटेलवाला म्हणाला. "आणि मीसुद्धा सांगतो, पोराने चिंध्या बांधल्या. मी पाहिलंय. मघाशी उगाच बोललो. सवय आहे."

भिंगरीला तो मुळीच आवडत नव्हता. त्यानेच काहीतरी केलेलं निघालं असतं तर तिला फार सोयीचं झालं असतं. पण जो दादाला खोटं पाडून मोकळा होऊ शकत होता, तो दादाच्या बाजूने बोलत होता. आणि दादाला तो डोळ्यांसमोर नको होता, तरी दादा त्याच्या बाजूने बोलत होता. असली साक्ष मोडायची कशी?

मग ती फोटोवाल्याकडे वळली. चालताना रांग कशी होती ते तिने मनात मांडलं. पुढे दादा आणि हॉटेलवाला. मग हेडबाई, शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका. बोलायला लागल्या की समोरच्याला आपोआप ताठ बसावंसं वाटायचं. मग फोटोवाला. मग बाबा.

"बाबांना शेवटचं तुम्हीच पाहिलंत."

"हो ना. मोठ्या फाट्यापर्यंत आमच्या मस्त गप्पा चालल्या होत्या. पक्ष्यांबद्दल."

"खोटं," भिंगरी म्हणाली.

फोटोवाल्याच्या हातातला कप थांबला.

"बाबा शेवटी चालताना तोंडातून शब्द काढत नाहीत. मागून दगड घसरला, कोणी हाक मारली, तर ऐकू यायला हवं म्हणून. मी त्यांची मुलगी आहे, माझ्याशीसुद्धा बोलत नाहीत. तुमच्याशी पक्ष्यांवर गप्पा मारल्या?" तिचा आवाज चिरकला. "कॅमेरा दाखवा."

"बॅटरी संपत आलीय गं—"

"दाखवा!"

४

धबधब्याचे फोटो होते, असंख्य. त्यानंतर दगडांचे, शेवाळाचे, कोळ्याच्या जाळ्याचे. भिंगरी बटण दाबत राहिली. मागे फोटोवाला हळू आवाजात बोलत होता, कबुली देणाऱ्या मुलासारखा.

"माझं तिवई-स्टँड धबधब्यापाशी राहिलं. बऱ्याच पुढे आल्यावर लक्षात आलं. ते म्हणाले, तुम्ही चालत राहा, बाईंना गाठा, मी आणतो. आणि ते मागे गेले. माझ्यामुळे ते मागे पडले, हे सगळ्यांसमोर कसं सांगू? मला वाटलं, येतीलच. मग नाही आले, आणि मग..."

"म्हणजे फाट्यावर तुम्ही एकटे होतात?"

"एकटाच. धुकं एवढं, की स्वतःचे बूट दिसेनात."

भिंगरीने पुढचं बटण दाबलं, आणि हात तिथेच थांबला.

मोठा फाटा. वाकडं झाड. त्याच्या फांद्यांतून धुकं गाळून यावं तसं येत होतं. फोटो सुंदर होता, पण ती खोड बघत होती. दादा त्याच खोडाला चिंधी बांधायचा, दर वेळी, डोळ्यांच्या उंचीवर.

चिंधी नव्हती.

"तुम्हाला वाट कशी कळली?" तिने विचारलं.

"डोंगर चढायचा म्हणजे वरच जायचं ना? एक वाट वर जात होती, एक खाली. मी वर आलो."

"बघितलंस?" मामा उठून उभा राहिला. "दादाने बांधलीच नव्हती!"

"थांब मामा." भिंगरीने फोटो मोठा केला. आणखी मोठा. त्या खोडावर शेवाळ होतं, गादीसारखं फुगलेलं. आणि त्या गादीत मधोमध एक आडवा पट्टा खोल दबला होता, खोडाला वळसा घालून. चिंधीएवढा रुंद. "वारा असतो म्हणून दादा करकचून बांधतो. हे शेवाळ दबलंय बघ. दाबलेलं शेवाळ हळूहळू परत वर येतं, आणि हे अजून आलेलं नाही. म्हणजे चिंधी होती. आणि फोटोच्या थोडंच आधी कोणीतरी सोडली."

दादा एकदम भिंतीला टेकून खाली बसला आणि त्याने तोंड गुडघ्यांत घातलं. मामाने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

"पण मग—" मामा म्हणाला.

"मग चिंध्या बाबांनी काढल्या नाहीत. फोटोवाले काका बाबांच्या पुढे होते, आणि ते पोचले तेव्हाच ती गेलेली होती." भिंगरी वळली. खोलीत एकच माणूस उरला होता, ज्याला कोणी काही विचारलं नव्हतं. हेडबाई शेगडीला जवळजवळ चिकटून बसल्या होत्या. घाम फुटावा इतक्या जवळ. आणि तरी त्यांच्या हातांत लोकरीचे मोजे होते.

"बाई," भिंगरी म्हणाली, "हातमोजे काढता का?"

५

क्षणभर वाटलं, त्या आता रागावणार. पाठ ताठ झाली, हनुवटी वर गेली. मग काहीतरी आतून ढासळलं. त्यांनी मोजे काढले. दहाही बोटं लाल होती.

"मला वाटलं, शेवटची मीच आहे," बाई म्हणाल्या.

त्यांनी मोजे मांडीवर ठेवले.

"मोठ्या फाट्याच्या जरा खाली मी खडकाआड गेले होते. धुकं होतं. वरच्या बाजूने दोन पुरुष बोलत गेल्याचं ऐकलं. मला वाटलं, भिंगरीचे बाबा आणि हे फोटोवाले मला न बघताच पुढे गेले. नंतर मागून कोणीच येईना. मग नियम काय? शेवटच्याने चिंध्या काढायच्या. मी काढल्या. प्रत्येक फाट्यावरची, नीट सोडून, घडी घालून."

"ते दोन आवाज आमचे होते," दादा पुटपुटला. "वरच्या वळणावर आम्ही पगारावरून भांडत होतो. तिथून आवाज खाली घुमतो."

"इथे आल्यावर कळलं, की मागे दोघं आहेत. सांगणार होते. तेवढ्यात हे आले. म्हणाले, ते मागेच आहेत. वाटलं, आता सांगायची गरजच नाही. मग ते आले नाहीत, आणि तुम्ही म्हणालात की चिंध्या त्यांनीच काढल्या." बाईंचा आवाज फुटला. "आयुष्यभर मुलांना उभं करून विचारलं, चूक केलीस तर लगेच का नाही सांगितलंस? आता कळतंय का नाही सांगत. एकेक मिनिट जातं आणि तोंड आणखी जड होतं."

भिंगरीला त्यांच्यावर ओरडायचं होतं. इतकं ओरडायचं होतं की छप्पर उडावं. पण वायरलेस आधी ओरडला.

"वरचे, बोला! आम्ही वळशाच्या तोंडाशी आलोय. कड्याखाली जायचं ना?"

"नाही!" भिंगरी म्हणाली. "मामा, बाबा इथवर आलेच नाहीत. ते फाट्यावरून कुठेतरी गेलेत."

"अगं, पण कुठे?" हॉटेलवाला आता हसत नव्हता. "चिंधी असो, नसो. तुझा बाबा डोळे बांधून हा डोंगर चढेल. त्याला कशाला लागते चिंधी? आणि फाट्यावरून दुसरी एकच वाट आहे, खाली दरडीकडे जाणारी जुनी वाट. ती त्यानेच दगड रचून बंद केलीय ना? तिकडे तो स्वतः कशाला जाईल?"

प्रश्न बरोबर होता. म्हणूनच इतका भयंकर होता. भिंगरीने डोळे मिटले आणि बाबा डोळ्यांसमोर आणले, पाठीवर दुसऱ्याचं स्टँड, धुक्यात एकटे, वाकड्या झाडासमोर. बाबा झाडाकडे बघतात. वाट त्यांना पाठ आहे, ती बघायचीच नाही. ते काय बघतात? चिंधी. रोज कशासाठी बघतात?

तिचे डोळे खाडकन उघडले.

"बाबांना वाट कळायला चिंधी लागत नाही," ती म्हणाली. "त्यांना माणसं कुठे गेली ते कळायला लागते! चिंधी दिसली, म्हणजे दादा सगळ्यांना घेऊन इथून गेला. चिंधी नाही, म्हणजे इथून कोणी गेलंच नाही. आज त्यांना वरच्या वाटेवर चिंधी दिसली नाही. मग माणसं कुठे गेली? दुसरी एकच वाट. दादा सकाळी रागात होता, डोक्यात राख घालून निघाला होता. त्यांना वाटलं असणार, धुक्यात चुकला, सगळ्यांना घेऊन दरडीकडे उतरला."

दादाने मान वर केली.

"बाबा हरवलेले नाहीत रे," भिंगरी रडत म्हणाली. "बाबा तुम्हाला शोधतायत."

मामाने वायरलेसवर झडप घातली. "कड्याकडे जाऊ नका! मागे फिरा. जुनी वाट, दरडीच्या खालून वर या. आम्ही फाट्यावरून उतरतो." आणि त्याचं वाक्य संपायच्या आत दादा दोर आणि मामाचा छोटा वायरलेस घेऊन दाराबाहेर पडला होता.

६

भिंगरीला त्यांनी बरोबर नेलं नाही. "वायरलेस कोण सांभाळणार?" मामा म्हणाला, आणि ते खरंच होतं, म्हणून जास्त राग आला.

खिडकीतला उजेड करडा झाला, मग काळपट. फोटोवाला येरझाऱ्या घालत होता. हॉटेलवाल्याने न सांगता शेगडीत लाकडं घातली, आणि मग स्वतःचा भारीतला कोट काढून भिंगरीच्या खांद्यावर टाकला. ती त्याला धन्यवाद म्हणाली नाही. कोट मात्र घट्ट ओढून घेतला.

हेडबाई तिच्या शेजारी येऊन बसल्या. "माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल," त्या म्हणाल्या.

"नाहीच बोलणार."

"बरं."

थोड्या वेळाने भिंगरी म्हणाली, "आईला काय सांगू मी?"

बाईंनी नुसता हात पुढे केला, तो लालभडक हात, आणि भिंगरीने तो धरला, कारण धरायला दुसरं काहीच नव्हतं.

वायरलेस गप्प होता. भिंगरी त्याच्याकडे अशी बघत होती, जणू नजरेनेच त्याला बोलतं करणार होती. बाबा सकाळपासून उपाशी असतील. दरड ओली असेल. दर पावलाला दगड सुटत असतील, आणि बाबा हाका मारत असतील, दादाला, बाईंना, सगळ्यांना. जे इथे शेगडीपाशी बसले होते, त्यांना.

खर्रर्र.

सगळे एकदम उठले.

"भिंगरे!" दादा होता. धापा टाकत होता, की रडत होता, कळत नव्हतं. "सापडले! दरडीत अडकलेत. पाय मोडलाय, अंग गारठलंय, पण बोलतायत. पथकाचे दिवे दिसतायत आम्हाला खालून. येतायत वर! ऐकतेयस ना? ए, रडू नकोस, बाबांना बोलायचंय."

खरखर. वारा. मग एक घोगरा, फाटलेला आवाज. हाका मारून मारून दमलेला.

"कोण, भिंगरी? वर कोण कोण पोचलंय?"

"बाबा, तुमचा पाय—"

"पाय राहू दे. हॉटेलवाले?"

"आहेत."

"बाई? त्या फोटोवाल्यांचं स्टँड माझ्याकडे आहे म्हणावं. ते आहेत का?"

"आहेत बाबा. दोघंही आहेत."

"नीट बघून सांग. कोणी राहिलं नाही ना मागे?"

भिंगरीने नाक पुसलं. फोटोवाला हुंदके देत होता. हेडबाईंनी तोंडावर हात धरला होता आणि त्यांच्या गालावर लाल ठसे उमटले होते.

"एक जण राहिलंय," ती म्हणाली.

"कोण?" तिकडून आवाज एकदम चढला, दगड घसरल्याचा आवाज आला, दादा 'बाबा, हलू नका' म्हणून ओरडला. "कोण राहिलंय? बोल लवकर! कुठे?"

"तुम्ही, बाबा," भिंगरी म्हणाली. "तुम्ही!"

तिकडे दगड घसरायचे थांबले.

"हां," बाबा म्हणाले. "ते माझ्या लक्षातच आलं नाही."